शंभर वॅट, स्वच्छ

तमाम रसिक मायबाप श्रोत्यांना, मांडववाल्यांना, जनरेटरवाल्यांना आणि पहिल्या रांगेत पाय पसरून बसणाऱ्या सर्व मान्यवरांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, सांगली-सातारा पट्ट्यातल्या कोणत्याही स्टेजवर यापुढे स्वच्छ आवाजाची गिटार ऐकू येणार नाही. रसिकांनी कृपया दोन मिनिटं उभं राहावं. ज्यांना ती आधीही कधी ऐकू आली नव्हती त्यांनी बसून राहिलं तरी चालेल. म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच.

कशी वाटली सुरुवात, याकूब? तू असतास तर मागून हळूच म्हणाला असतास, "दिन्या, आटप. तारा उतरायला लागल्यात." आपल्या ऑर्केस्ट्रात मी माईक धरून बोलायचो आणि तू माझं बोलणं संपायची वाट बघायचास. निम्मं आयुष्य आपलं असंच गेलं. आता वाट बघणारं कोणी नाही, त्यामुळे मी सुटलो आहे. बोलण्याची सवय असलेल्या माणसाला कुणी अडवलं नाही की तो शेवटी खरं बोलायला लागतो. त्याची मला भीती वाटते आहे, म्हणून लिहून काढतो.

तुझी तिसऱ्या दिवसाची जियारत झाली. चाळिसावं व्हायचं आहे. तुझ्या दारात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि येणारा प्रत्येक जण माझा हात धरून एकच वाक्य बोलत होता, "काय गिटार वाजवायचा माणूस." मला राहवेना. मी एकाला विचारलं, "कुठं ऐकलीत?" तो म्हणाला, तासगावच्या कार्यक्रमात. "कुठं बसला होता?" तर म्हणे, मागं, ट्रॉलीवर. मी मान हलवली. ट्रॉलीवर बसलेल्या माणसाने तुझी गिटार ऐकलेली नाही, हे मी कुराणावर, गीतेवर, कशावरही हात ठेवून सांगू शकतो. त्याने तुला पाहिलं. पांढरा शर्ट, मिटलेले डोळे, मान डावीकडे कललेली. बाकीचं त्याने आपल्या मनाने भरलं.

सगळे गेल्यावर शमीमवहिनी बाहेर आल्या. म्हणाल्या, "भावजी, त्यांची गिटार नीट ऐकू येईल असं एखादं गाणं द्या. चाळिसाव्यापतूर दिलं तरी चालंल."

एवढंच मागितलं त्यांनी. तुझ्या अम्मी इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे वहिनींना एकाही कार्यक्रमाला येता आलं नाही. घरी तू वाजवायचास तो वायर न जोडता. अम्मींची झोपमोड नको म्हणून. इलेक्ट्रिक गिटार तशी वाजवली की कोरड्या तारांची खुसखुस ऐकू येते, शेजारी कोणी मेथी निवडत बसल्यासारखी. वहिनींनी तुझी गिटार ऐकली ती एवढीच. आणि तू घरी जाऊन त्यांना सांगायचास की शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा मान डोलावतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला काय ऐकू येत होतं, ते त्यांना एकदा ऐकायचं आहे.

ते मला देता येणार नाही. का, हे जगात दोनच माणसांना माहीत आहे. एक मी आणि दुसरा आपला साउंडवाला सर्जेराव.

तुझा पहिला अँप, गिटारचा आवाज मोठा करणारा तो डबा, आठवतो का? पाहुण्यांच्या लग्नात मिळालेल्या ट्रंकेएवढा. आठ इंची स्पीकर, वरती प्लास्टिकचा दांडा. खोलीत वाजवला की गोड, पण बाळूने ड्रमवर पहिली काठी मारली की तू बटण चारवरून नऊवर न्यायचास आणि आवाज फाटायचा. लोकांना वाटायचं मुद्दाम फाडतोय. पोरं शिट्ट्या मारायची. तुझं तोंड मात्र कडू कारलं खाल्ल्यासारखं. तुला फाटलेला आवाज नको होता. मी एकदा वैतागून विचारलं, "मग नेमका हवा कसा?" तू म्हणालास, "जानेवारीत वाईच्या घाटावर उभं ऱ्हायल्यावर कृष्णेचा तळ दिसतो बघ. तसा. पाणी कितीबी असू दे, तळ दिसला पायजे."

तुझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. तांब्याच्या तारा आणि व्हार्निशचा वास. तिथे बसून तू मला अँप शिकवलास, आणि मी चहा पिता पिता शिकल्याचं नाटक केलं. "पाचची मोटर तीनच्या लोडवर चालीव, गार ऱ्हाती. तीनची मोटर पाचच्या लोडवर चालीव, किंचाळती. अँपचं त्येच हाय. जोर वापरायला न्हाई घ्यायचा, शिल्लक ठेवायला घ्यायचा." मी म्हणालो, मग दुप्पट वॅटचा घे, आवाज दुप्पट. तू कपाळाला हात लावलास. "वॅट दुप्पट केले की आवाज जरासाच चढतो, गड्या. खरं काम स्पीकर करतो. एक आठ इंचीपेक्षा दोन बारा इंची लाव, त्याच जोरात निम्मं गाव उठंल."

मला तो काचेच्या नळ्या पेटणारा अँप हवा होता. स्टेजवर काय दिसला असता. मी त्यावर दोन वाक्यंसुद्धा तयार ठेवली होती. तू ऐकलं नाहीस. गावात व्होल्टेज एकशे सत्तरवर येतं, नळ्यांचा दम जातो, टेंपोत आदळून त्या फुटतात, आणि उचलायला दोन माणसं लागतात. "तुझ्या वाक्यासाठी मी नळ्या बदलत बसू व्हय?" तो वाद तू जिंकलास. मला वादात हरायची सवय नाही, हे मी तेव्हाच लक्षात ठेवलं असावं.

मग ते पुण्याचं दुकान. तिथल्या एसीत, गालिच्यावर, भिंतीला गिटारी टांगलेल्या त्या शांत खोलीत तू बाळूला हलगी घेऊन आणलंस. काउंटरवरचा गृहस्थ हलगीकडे बघून म्हणाला, "सर, हे काय आहे?"

तू म्हणालास, "गर्दी."

"म्हणजे?"

"आमच्याकडं कार्यक्रमाला लोकं असत्यात. ही ती लोकं. दुकानात सगळेच अँप गोड लागतात, सायेब. गर्दीत कोण टिकतो ते बघायचं हाय."

मला तू फुटपाथवर उभं केलंस. दार उघडं ठेवायचं, आत बाळू हलगी वाजवणार, तू सहा तारा एकेक करून छेडणार आणि मला जितक्या तारा वेगवेगळ्या ऐकू येतील तितकी बोटं वर करायची. वीस वॅटवाल्याला मी दोन बोटं दाखवली. पन्नासवाल्याला चार, त्यातलं एक दयेपोटी. रस्त्यावरची माणसं मला बघून वाट बदलत होती. मग दोन बारा इंची स्पीकरचा तो काळा शंभर वॅटचा अँप लागला, आणि याकूब, शप्पथ, हलगीच्या त्या तडतडाटातून सहाच्या सहा तारा चालत बाहेर आल्या, एकमेकींना धक्का न लावता. मी दोन्ही हात वर केले. तू आतून ओरडलास, "दिन्या, गिटारला सहाच तारा असत्यात." तिथला मालक हसून हसून खुर्चीत बसला. तुझ्याइतका आनंदी माणूस मी त्या दिवसानंतर पाहिला नाही. आणि तो आनंद मी तुझ्याकडून काढून घेतला तेही तुझ्या नकळत, हे मला आता लिहावंच लागेल.

दोन लग्नसराया थांबून तू तो अँप घेतलास. पहिला कार्यक्रम कवठे महांकाळला, तुझ्याच गावात, तरी वहिनींना अम्मींजवळून हलता आलं नाही. मैदान बेताचं. अँप जमिनीवर ठेवला तर आवाज गुडघ्यांनाच ऐकू जातो म्हणून तू तो दुधाच्या क्रेटवर तिरपा ठेवलास. त्याला माईक लावायची गरजच नव्हती. मी माझा हातखंडा प्रसंग सुरू केला, नवरदेवाच्या मामाचं भाषण. तू माझ्या बोलण्याखाली हळू वाजवत होतास, नेहमीसारखा. फरक एवढाच, की आता ते ऐकू येत होतं. तिसऱ्या रांगेत एक रिटायर फौजी बसला होता, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "ओ बोलणारं, जरा दम खावा की. ते वाजवतंय ते ऐकू द्या."

मैदान हसलं. मी हसवण्यावर पोट भरणारा माणूस. पण माझ्या विनोदावर हसणं वेगळं आणि माझ्यावर हसणं वेगळं. तू तर खाली मान घालून वाजवत होतास, तुला ते ऐकूही गेलं नाही. मी मात्र मामाचं भाषण अर्ध्यावर सोडलं.

पुढचा कार्यक्रम मोठ्या मैदानावर होता. मी तुला म्हणालो, अँपपुढे माईक लावू, तिथून वायर सर्जेरावच्या मिक्सरला, म्हणजे मोठ्या स्पीकरमधून मागपर्यंत जाईल. तू म्हणालास, "मग एवढा जोर घेतला कशाला?" हा वाद आपण कधी संपवला नाही. तुझं म्हणणं, अँपचा आवाज अँपमधूनच जायला पाहिजे. माझं म्हणणं, शेवटची रांग. शेवटची रांग म्हटल्यावर तू नमलास. ती तुझी दुखरी जागा होती आणि मला ती माहीत होती.

वायर जोडली. मी सर्जेरावच्या टेबलाजवळ गेलो आणि मिक्सरवरच्या तुझ्या पट्टीवर, म्हणजे जी वर सरकवली की तुझा आवाज वाढतो तिच्यावर, अगदी तळाशी, लाल टेपचा तुकडा चिकटवला. म्हणालो, "याच्या वर न्यायची नाही."

"का ओ? बरी लागतीय की."

"गाणाऱ्यांची तक्रार आहे."

गाणाऱ्यांची कसलीही तक्रार नव्हती. एका सीझनपुरती म्हणून लावलेली ती टेप अकरा वर्षं राहिली. घासून गेली की सर्जेराव आपणहून नवी लावायचा. कामाचा माणूस.

आता तुला कळेल. स्टेजवर तू तुझ्या त्या काळ्या अँपसमोर उभा असायचास आणि तुझ्या चार-पाच हातांच्या जगात सगळं काही तुला हवं तसं होतं. तळ दिसत होता. पहिल्या रांगेलाही थोडाफार मिळत असेल. त्याच्या मागे हजार-दोन हजार माणसांना बाळू ऐकू यायचा, गाणारे ऐकू यायचे आणि मी. सगळ्यात जास्त मी. सामान टेंपोत चढवताना तू दर वेळी विचारायचास, "दिन्या, मागपतूर गेलं का रं?" आणि मी दर वेळी सांगायचो, "गेलं की. लय भारी." अकरा वर्षं. मी रोज दात घासतो तितक्या सहज बोलायचो ते.

माझ्यासारख्या बोलघेवड्याला विचारायचंच कशाला, हा माझा तुझ्यावर राग आहे. बाळूला विचारायचं, मांडववाल्याला विचारायचं, भज्यांच्या गाड्यावाल्याला विचारायचं. वाजवणाऱ्या माणसाला स्वतःला मागून ऐकता येत नाही, तर त्याने निदान खोटं बोलण्यावर पोट न भरणारा माणूस तरी निवडावा. तू अँप निवडायला हलगी नेलीस. मित्र निवडताना काय नेलं होतंस?

एकदा तू अगदी जवळ आला होतास. पाचगणीच्या हॉटेलात कुणाच्या तरी लग्नाचा वाढदिवस होता. लहान हॉल, सर्जेराव आलाच नव्हता, गाणाऱ्यांपुरते दोन स्पीकर. तिथे तुझा अँप एकटाच बोलला. माझे विनोद पडले एकामागून एक, कारण लोक काटे-चमचे खाली ठेवून तुझ्याकडे बघत होते. एका म्हाताऱ्या बाईंनी येऊन तुझा हात हातात घेतला. घाट उतरताना तू गाडी हळू केलीस. मग म्हणालास, "आज काय येगळंच झालं रं. लोकं माझ्याकडं बगत हुती."

मी म्हणालो, "हॉल लहान होता."

"व्हय," तू म्हणालास. "तसंच असंल."

आणि स्ट्रॉबेरीवाल्याकडे गाडी थांबवून तू आधी माझ्यासाठी घेतलीस, मग वहिनींसाठी. त्या स्ट्रॉबेरी मी खाल्ल्या, याकूब. घशाखाली गेल्या. मी तुला सांगतो आहे ते एवढ्यासाठी, की माणसाच्या घशाखाली काय काय जातं ते तुला कळावं.

दवाखान्यात तू म्हणालास, "अँप डीजेवाल्याला दिऊ नगंस." मी तोंड उघडलं होतं. टेपचं सांगणारच होतो. खरंच. पण तोंडातून निघालं ते असं, "देत नाही. माझ्या मयतीला लावतो. निदान त्या दिवशी तरी मला दुसऱ्याचं ऐकावं लागेल." तू एवढा हसलास की नर्स आत आली आणि तिने मला बाहेर काढलं. इतका चांगला विनोद मला पुन्हा सुचणार नाही. इतक्या वाईट जागी खर्ची पडलेलाही दुसरा नसेल.

वहिनींना हो म्हणून आलो आणि सर्जेरावच्या गोडाऊनमध्ये तीन दुपारी बसलो. त्याच्याकडे अकरा वर्षांची रेकॉर्डिंग आहेत, तारखेवार, गाववार. सगळी थेट मिक्सरमधून घेतलेली. म्हणजे मिक्सरमधून जे बाहेर गेलं तेच त्यात आहे. लाल टेपच्या खालचं ते टेपच्या खालीच. कवठे महांकाळचं काढलं, तर त्या दिवशी तुझी वायर मिक्सरला गेलीच नव्हती. लोकांच्या मोबाइलमधलं मागवलं, त्यात मोठ्या स्पीकरमधून आलं तेच, वर शिट्ट्या. पाचगणीच्या हॉटेलला फोन केला. त्यांच्याकडे फोटो आहेत. फोटो फार छान आहेत म्हणे.

एक रेकॉर्डिंग लावलं ते माझे वडील गेले त्या आठवड्यातलं. तुला आठवत असेल, बोलता बोलता माझा आवाज गेला आणि मी पडद्यामागे जाऊन बसलो. तू मला खुणेने 'बस' म्हणालास आणि एकटा वाजवत राहिलास, चार मिनिटं तरी. पडद्यामागे मला ते ऐकू येत होतं, कारण अँप माझ्यापासून हातभर होता. त्या वाजवण्यामुळे मी पुन्हा उभा राहिलो, हे मी तुला कधी बोललो नाही. आता सर्जेरावच्या गोडाऊनमध्ये मी ती चार मिनिटं पुन्हा ऐकली. त्यात कुणीतरी खोकतं. एक मूल पाणी मागतं. खुर्च्या सरकतात. अगदी खाली, शेजारच्या गल्लीत कोणी काहीतरी वाजवत असावं असं वाटतं.

मी सर्जेरावला म्हणालो, "अरे, तेव्हा मी स्टेजवर नव्हतो. तेव्हा तरी पट्टी वर का नाही नेलीस?"

तो म्हणाला, "तुमी सांगितलं न्हाई."

मग तोच म्हणाला, "दुसऱ्या कुणाकडनं तरी वाजवून घिऊ. वहिनींनी कधी ऐकलंय व्हय? त्यास्नी काय कळतंय."

आणि याकूब, मी नाही म्हणालो नाही. पूर्ण एक दुपार मी त्याचा विचार केला. कोणाकडून वाजवून घ्यायचं तेही ठरवलं, कोणतं गाणं तेही. मिरजेच्या त्या पोरगेल्या गिटारवाल्याचा नंबर काढून फोन लावलासुद्धा. त्याने उचलला, "बोला सर," म्हणाला. मी लगेच फोन ठेवून दिला.

काल संध्याकाळी मी आणि सर्जेराव तुझा अँप घेऊन तुझ्या घरी गेलो. म्हटलं, आहे ते त्यांना ऐकवावं, तुझ्याच अँपवर, आणि मग टेपचं सांगावं. वहिनींनी अँपसाठी पुढच्या खोलीतलं स्टूल रिकामं केलं, कापडाने पुसलं. अम्मींच्या खोलीचं दार लोटून घेतलं. सर्जेरावने त्यातल्या त्यात बरं, जत्रेतलं एक रेकॉर्डिंग लावलं.

तुझं निवडणं चुकलं नव्हतं. तो अँप काहीही लपवत नाही. माझ्या आवाजातला प्रत्येक श्वास वेगळा ऐकू येत होता. मी मामाचं भाषण करत होतो, लोक हसत होते, मी त्यांना आणखी हसवत होतो. वहिनी पुढे सरकल्या. मग आणखी पुढे, इतक्या की कान स्पीकरच्या कापडाला लागला. एक हात वर करून त्यांनी आम्हाला गप्प राहायची खूण केली. आम्ही गप्पच होतो. माझाच आवाज होता तो.

दुसरं गाणं झालं. तिसरं झालं. मध्ये मी पुन्हा बोललो, लोक पुन्हा हसले. मी खुर्चीतून उठलो, आता सांगायचं म्हणून, आणि त्याच वेळी वहिनींनी कान काढून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नवल वाटल्यासारखं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ह्यात तर सगळीकडं तुमीच हायसा, भावजी."